संशोधनाचा विषय कोण ठरवणार?

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे शिकायला गेले होते. आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन हा जातीचा गाभा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे बंधन टिकवायचे तर गटातल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. नवरा मेला की मागे राहिलेली स्त्री गटाला 'जादा' ठरते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचे मूळ त्यांनी या हिशेबात दाखवले. जात आणि स्त्रीची गुलामी एकाच गाठीने बांधलेल्या आहेत, हे एका विद्यार्थ्याने इतक्या नेमकेपणाने मांडले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले या जातीच्या अभ्यासकांबरोबर श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही व्याख्या तपासलेली आहे. ज्ञानकोशकार केतकर त्याआधी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते. जातीच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ 1909 सालचा. आंबेडकरांनी केतकरांचा मान राखला आणि त्यांची चूकही दाखवली: जातीबाहेरच्या लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व ही दोन वेगळी लक्षणे नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. एक ब्राह्मण, दुसरा महार. इकडे या दोन घरांत पाण्याचाही व्यवहार नव्हता, तेव्हा तिकडे हा वाद निव्वळ युक्तिवादावर झाला.

परदेशी शिकण्याची अशीच संधी देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आज अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. 2022 च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच आहेत, असे समर्थन झाले. साधने इथे आहेत, हे खरेच. पण मार्गदर्शक, परीक्षक, वसतिगृहही इथलेच असतात, आणि जिच्यावर लिहायचे ती जात त्या सगळ्यांत वावरत असते. शिवाय अमेरिकेतला वर्णभेद शेजारी ठेवून जात तपासायची, तर तिथले ग्रंथालय आणि तिथले सहाध्यायी हवेत.

आंबेडकरांचे कोलंबियातले एम.ए.चे आणि पीएच.डी.चे विषयही भारताचेच होते: प्राचीन भारतीय व्यापार आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्था. वंचितांच्या मुलांना परदेशी धाडताना त्यांनी स्वतःच्या समाजावर संशोधन करू नये, अशी अट घालणे अन्यायाचे आहे. ती कोणत्याही शिष्यवृत्तीत नसावी.