‘फोन लागला नाही’

तो प्रोजेक्टर बंद करा आधी. आणि टाळ्या कशाच्या वाजवल्यात मघाशी? 35 बायकांना प्रमाणपत्रं वाटली, त्याच्या? त्याला प्रिंटर पुरतो, तुमची गरज नाही.

हे तुमचं पाठपुराव्याचं रजिस्टर. मागच्या तुकडीतल्या नावांपुढे एकच शेरा : ‘फोन लागला नाही’. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेवढंही लिहायचा कंटाळा, नुसत्या रेघोट्या ओढल्यात. वाडीवस्तीवर रेंज नसते, मलाही ठाऊक आहे. एसटी जाते ना? पाठपुरावा कशाला म्हणतात, ते ऐका. 1982 साली कर्नाटकात उजिरेला धर्मस्थळच्या मंडळींनी दोन बँकांना सोबत घेऊन गावातल्या पोरांना धंदा शिकवायला सुरुवात केली. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली. तिथं पापड-लोणची-मसाल्याचा वर्ग दहा दिवसांचा आणि नंतर पाठपुरावा दोन वर्षांचा असतो. तुम्ही दहा दिवस उरकले आणि मोकळे झालात.

आता ही मसालेवाली. खडूनं फळ्यावर मांडतो, लाज वाटली तर वाटू दे. दहा किलो मसाल्याला मिरची, धणे, खोबरं, तेल धरून तिचे 4,200 रुपये जातात. विकते 4,800 ला. नफा 600, असं ती म्हणाली आणि तुम्ही तसंच उतरवून घेतलंत. डंकावर कुटायचे पैसे कुणी धरायचे? ते 300. पाव किलोच्या 40 पिशव्या, वर लेबलं, 200. बाजाराच्या फेऱ्या, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे तरी, 100. झाले 600. उरलं काय? मिरचीची देठं खुडून, भाजून, भरून ती आणि तिची सून दोन-दोन दिवस राबल्या, त्यांची मजुरी या हिशेबात कुठेच नाही. उधारीवर गेलेल्या पिशव्यांचं तर मी बोलतच नाही. असा धंदा ‘वाढवा’ म्हणता तुम्ही तिला! दहाचे शंभर किलो केले तर दसपट फुकट राबेल बिचारी.

हे तिला उमगलं नाही, त्यात तिचा दोष नाही. घरात मसाला करताना कुणी स्वतःची मजुरी धरत नाही. ते सांगायलाच तुम्हाला नेमलं होतं.

आणि मशीनच्या कर्जात ‘35 टक्के माफ’ हे तिला कुणी सांगितलं? मान खाली घालू नकोस, तूच सांगितलंस. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान तिच्या हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतं. मध्येच धंदा गुंडाळला तर तेही गेलं. बँक हप्ता मात्र मागणारच. ‘माफ’ ऐकून तिनं लागतं त्याच्या दुप्पट मोठं मशीन मागितलं आणि तुम्ही कोटेशन जोडलंत. विकणार कुणाला, हे एकानंही विचारलं नाही. शेजारच्या गटालाही तेच मशीन, तोच मसाला. एका आठवडी बाजारात एकाच चवीच्या चार टोपल्या!

‘त्या अशिक्षित आहेत, सर.’ हे पुन्हा माझ्यापुढे बोलायचं नाही. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं याच कारणावरून अर्ज परत केला होता. बायका मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमचे लोक यंत्र न घेता सांगतात का बघू. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. तुमच्यातल्या किती जणांना तोंडी व्याज येतं? हात वर करा. राहू दे.

उद्या पहाटेच्या गाडीनं दोघंदोघं निघायचं. लॅपटॉप इथेच राहतील, वही-पेन्सिल न्या. प्रत्येकीच्या घरी मशीनवर काय ठेवलंय ते बघा. चादरी-गोधड्यांची चळत असेल तर तसंच लिहा. मागच्या बाजारात काय खपलं, उधारी कुणाकडे थकली, हप्ता कशातून भरला, हे तिच्याशेजारी बसून विचारा. चहा दिला तर प्या, पण जेवायला थांबून तिचा दिवस खाऊ नका.

शनिवारी संध्याकाळी वह्या माझ्या टेबलावर. त्यात ‘फोन लागला नाही’ दिसलं, तर तुम्हालाच बाजारात मसाला विकायला बसवीन.