केडगावचे रोजचे काम

ख्रिस्ती नेतृत्वाचा कस रोजच्या कामात लागतो, आणि पंडिता रमाबाईंचे आयुष्य त्याची साक्ष देते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या वादात सदनाच्या सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन बंद पडले नाही. उरलेल्यांचे शिक्षण चालू राहिले. दुष्काळात शेकडो निराधार मुली आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन हा आश्रम उभा राहिला.

सर्वांत चिवट काम बायबलच्या भाषांतराचे. संस्कृत पंडिता असलेल्या रमाबाई त्यासाठी उतरत्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, अल्पशिक्षित बायकांनाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती, आणि ही ओढ फार मोलाची. आश्रमाचा व्याप, कमी ऐकू येणारे कान, खालावणारी प्रकृती यांतून काम वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिले. छपाई आश्रमातच, तिथल्या स्त्रियांच्या हातून होई. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.