नदीच्या खालच्या अंगाला

खेळातून शहाणपण शिकवावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सापशिडीचा पट आज निव्वळ करमणुकीचा झाला असला, तरी त्याचा पूर्वज मोक्षपट हा नीतीचा पाठ होता. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर सांगते. त्यातल्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कवड्या टाकायच्या, सोंगटी सरकवायची, आणि लोभाने माणूस कसा घसरतो हे खेळता खेळता पोराच्या मनावर ठसवायचे. तेव्हा आज एखादा शिक्षक व्हिडिओ गेममधून मुलांना नदीचे प्रदूषण शिकवू लागला, तर नाक मुरडण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. पटाच्या जागी पडदा आला आणि कवड्यांच्या जागी बोट आले, एवढेच. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. मोक्षपटावर ज्याने पाऊल टाकले त्यालाच साप गिळतो. नदीच्या बाबतीत हा नियम चालतो का?

अशा खेळांपैकी एक चांगला खेळ अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात साशा बराब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी तयार केला. ‘क्वेस्ट अटलांटिस’ नावाच्या मोठ्या खेळाचा तो एक भाग. त्याचे नाव ‘तैगा’. तैगा हे एक कल्पित राष्ट्रीय उद्यान. त्यातून वाहणाऱ्या नदीतले मासे कमी होऊ लागले आहेत. काठावर शेतकरी आहेत, लाकूडतोडीचा धंदा करणारे आहेत, आणि हौशी लोकांना मासेमारीला आणणारी एक कंपनीही आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुलाने त्या सर्वांना भेटायचे, ठिकठिकाणचे पाणी तपासायचे आणि कारण शोधायचे. शेतातले खत पावसाबरोबर नदीत येते, त्यावर शेवाळ माजते, ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. झाडे तुटली की माती सुटते आणि पाणी गढूळ होते. दोष एकट्याचा नाही, हे मुलाला हळूहळू उमगते.

हे पाठ्यपुस्तकाला साधत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून आपली मुले ‘प्रदूषणाची कारणे लिहा’ या प्रश्नाची उत्तरे घोकत आली आहेत. कारणांची यादी पाठ होते. पण कारण आणि परिणाम यांच्यामधले अंतर यादीत दिसत नाही. खत आज पडते आणि मासा कैक महिन्यांनी मरतो. ज्याने खत टाकले तो मासा पाहत नाही, आणि जो मासा पाहतो त्याला शेत ठाऊक नसते. सबंध नदी एका दृष्टिक्षेपात कोणालाच दिसत नाही. खेळ ती दाखवतो, आणि वर्षांचा काळ तासाभरात आवळून दाखवतो. ही सामान्य देणगी नव्हे.

परंतु असला तैगा पाहायला मला सातासमुद्रापार जावे लागत नाही. मी बुरोंडीला राहतो. दापोली तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा पाहायला इथे दुरून लोक येतात. आमच्या दक्षिणेला दाभोळची खाडी आहे. सह्याद्रीतून निघालेली वाशिष्ठी चिपळूणवरून येते, खेडची जगबुडी तिला मिळते, आणि दोघी या खाडीने समुद्राला जातात. खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान लोटे परशुराम ही रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिचे सांडपाणी सामाईक केंद्रात प्रक्रिया करून खाडीत सोडावे, अशी योजना आहे.

ती योजना कशी चालली होती, हे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने 2011 च्या अहवालात लिहून ठेवले आहे. प्रक्रिया केंद्राला सगळे पाणी पेलत नव्हते आणि ते कोतवले गावाच्या ओढ्यात उतरत होते. त्या गावच्या सरपंचांनी त्या ओढ्याचे पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांना वाचवण्यासाठी मुंबईला न्यावे लागले. त्याच अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. कारखान्यांनी सुमारे 11,000 लोकांना काम दिले, आणि मच्छीमारांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या समाजातल्या 20,000 लोकांचे काम गेले.

हे आकडे वाचून कारखान्यातल्या कामगाराला खलनायक ठरवणे मला जमत नाही. त्याच्या पगारावर त्याची मुले शिकतात. इथे एका भाकरीपुढे दुसरी भाकरी उभी आहे. आणि कायदा नव्हता म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 1969 सालीच केला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, 1974 साली आला. ज्ञान होते, कायदा होता. मग उणे काय होते?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा नातू पुण्याहून आला होता. त्याच्या मोबाइलवर नदी स्वच्छ करण्याचा एक खेळ होता. कारखान्याच्या नळावर बोट टेकवले की जाळी बसायची, गुण वाढायचे, काळे पाणी निळे व्हायचे आणि मासे उड्या मारू लागायचे. दाभोळ खाडीकाठचे आमचे एक स्नेही त्या दिवशी घरी आले होते. भोई समाजातले, पिढ्यान्पिढ्या पाग टाकून जगलेले घराणे. ते बराच वेळ नातवाच्या खांद्यावरून पाहत राहिले. मग म्हणाले, “काय रे बाळा, ह्या नदीच्या खालच्या अंगाला कोण राहतं?”

“खाली कोणी नाही, आजोबा. तिथे गेम संपतो.”

“असं होय!” ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

मुलाचे काही चुकले नव्हते. पडद्यावर खरोखरच खाली कोणी नव्हते. त्या खेळात नदी घाण झाली तर गुण खेळणाऱ्याचे जात, आणि स्वच्छ झाली तर बक्षीसही त्यालाच. म्हणजे शेवटी तो स्वतःच्याच हिताचा हिशेब शिकत होता. मोक्षपटाचा कायदा तोच आहे: पाऊल माझे, साप माझा. नदीचा कायदा मात्र वेगळा आहे. तिथे पाऊल वरचा माणूस टाकतो आणि साप खालच्याला चावतो. त्या खालच्याच्या हातात कवड्याच नसतात. त्याने काही पापही केलेले नसते आणि त्याला डावही येत नाही. असा खेळाडू कोणत्याच पटावर नाही, आणि खाडीकाठच्या गावागावांत तो आहे.

म्हणून मला वाटते, प्रदूषण शिकवणाऱ्या खेळाची कसोटी एकच असावी. त्यात खालच्या अंगाला माणूस आहे का? मुलाने एकदा कारखानदार होऊन खेळावे, एकदा कामगार होऊन, आणि एकदा खाडीच्या तोंडाशी बसलेला मासेमार होऊन, जिथे आपल्याला काहीच करता येत नाही, वरून काय येते याची फक्त वाट पाहावी लागते. तो कंटाळेल, चिडेल, हे अन्यायाचे आहे असे म्हणेल. ते त्याने म्हणावे. स्वतःचे नुकसान टाळणे हा व्यवहार झाला. ज्याचे नुकसान आपल्याला कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी हात आखडता घेणे ही नीती. पहिली गोष्ट कोणताही खेळ शिकवील. दुसरीसाठी खेळ मुलाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. पुढे चालवायचे काम घरातल्या मोठ्यांचे.

आणि मोठ्यांनी स्वतःला सोवळे समजू नये. औषधे, रंग, पिकांवरची फवारणी, कपडे धुण्याची पावडर, सारे कुठल्या तरी लोटेसारख्या ठिकाणाहून आपल्या घरी येते. अभ्यंगस्नानाचे पाणीही मोरीतून कुठे तरी जातेच. आपण सारेच कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो.

या दिवाळीत मुलांना त्यांचे खेळ खुशाल खेळू द्यावे. मात्र एका सकाळी त्यांना बरोबर घेऊन आपल्या मोरीच्या पाण्यामागे चालत जावे. गटारातून ओढ्याला, ओढ्यातून पऱ्ह्याला, जिथवर पाय नेतील तिथवर. वाटेत शेवटचे जे घर लागेल, त्या घरातल्यांची नावे मुलांनी विचारून घ्यावीत, आणि जाताना फराळाचे एक ताट बरोबर न्यावे.