सेवा दल विठोबाच्या दारात

राष्ट्र सेवा दलाची नवी घडी ४ जून १९४१ रोजी पुण्यात बसली. दलप्रमुख झाले एस. एम. जोशी, त्यांचं घराणं रत्नागिरीजवळच्या गोळपचं. शाखेत खेळ, कवायत, समूहगीतं, बौद्धिकं. जात विचारायची नाही आणि देवाधर्माचा विषय ज्याच्या त्याच्या घरी. लोकशाहीचा नागरिक घडवायचा तर हे ठीकच.

पण शाखेवर शेजारी उभ्या राहिलेल्या दोन पोरांपैकी एकालाच गावच्या देवळात जाता येत असेल तर?

दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींना हा प्रश्न टाळता आला नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिलेला हा माणूस मनाने मात्र वारकऱ्यांच्या जवळचा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी सेवा दलाच्या तरुणांसह महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केलं. जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. घटना समिती दिल्लीत बसलेली असताना हे पंढरपुरात चाललं होतं. १० मे रोजी उपोषण सुटलं, मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं.

रत्नागिरीत १९३१ सालीच वेगळा मार्ग निघाला होता. सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने सर्वांसाठी पतितपावन मंदिर बांधलं गेलं. काम धाडसाचंच; पण नव्या देवळामुळे जुन्या देवळाच्या पुजाऱ्याला काही बदलावं लागत नाही. गुरुजींना तोच बदलायला हवा होता. भक्ताने भक्तीच्याच नावाने मागितलेला हक्क नाकारणं विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्यांना, म्हणजे बडव्यांना, जड गेलं.

तिसरं उत्तर त्याच जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसाचं. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह करून, १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दार उघडणारा उदार आणि आत येणारा उपकृत, हे नातं त्यांना नको होतं. गुरुजींच्या उपोषणाने या आक्षेपाचं उत्तर मिळत नाही, हे सेवा दलाच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. उपोषणाचा रोख सवर्ण भाविकाकडे होता, आणि शाखेतली बहुतेक पोरं त्याच घरांतून आलेली होती.