चाहत्याचे इमान

मुंबईतील खारदांड्याच्या कोळीवाड्यात, वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी, टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळणारी मुले पाहिली, की ज्याच्या सुखदुःखाची कोणत्याही दप्तरी नोंद होत नाही, त्या निष्ठावंत चाहत्याचे मला स्मरण होते.

मे 1991 मध्ये वानखेडे मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईला हरियाणाविरुद्ध विजयासाठी 355 धावांची आवश्यकता असताना, सचिन तेंडुलकरच्या 96 धावांनी आशा पल्लवित केली आणि दिलीप वेंगसरकर तर 139 धावांवर अविचल उभे राहिले. परंतु विजय अवघ्या तीन धावांवर आला असता अखेरचा गडी धावबाद झाला, आणि धीरोदात्त वेंगसरकर भर मैदानात अश्रू ढाळू लागले. त्या क्षणी असंख्य मुंबईकरांचे काळीज त्यांच्यासवे विदीर्ण झाले. ज्यांनी ना बॅट धरली, ना मानधन घेतले, त्यांचे ते दुःख मला अत्यंत निर्मळ वाटते.

सातासमुद्रापलीकडे शिकागोच्या कब्ज संघाच्या चाहत्यांनी बेसबॉलच्या जागतिक मालिकेतील विजयाची 1908 पासून 2016 पर्यंत, म्हणजे तब्बल 108 वर्षे वाट पाहिली. कित्येकांची हयात त्यात सरली, तरी त्यांनी पक्ष बदलला नाही. त्या मानाने मुंबईकर भाग्यवान! 2016 नंतर आठ वर्षे हुलकावणी देणारा रणजी करंडक 14 मार्च 2024 रोजी, त्याच वानखेडेवर, विदर्भाचा 169 धावांनी पराभव करून मुंबईने 42व्यांदा जिंकला.