उपकाराचा हिशेब

हिस्लॉप कॉलेज सगळ्या नागपूरला ठाऊक. आमच्या खाप्याहून एस.टी.नं शिकायला गेलेल्या पोरांनाही ठाऊक. पण हा हिस्लॉप कोण, म्हणून विचारा. उत्तर येते, 'असन कोणी गोरा पाद्री!' होता. आणि त्याच्या नावाला एक प्रश्न चिकटलेला आहे. तो आपला प्रश्न आहे, म्हणून लिहितो.

स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडात जन्मला. १८४५ साली फ्री चर्चचा मिशनरी होऊन नागपुरात आला. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य. १८४६ साली त्यानं शाळा काढली. मराठी शिकला, गावोगाव फिरला, येशू सांगितला, जमिनीतले दगड तपासले, गोंडांच्या कथा उतरवून घेतल्या. इंग्रजांचा अंमल बसल्यावर त्यांच्या ढिसाळ कारभारावरही लिहिलं. ४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला रिचर्ड टेंपलसोबत गेला. परतताना घोड्यावर एकटा होता. पावसानं नाला फुगलेला. त्यात बुडून मेला. वय पंचेचाळीस.

तो काही शहीद नाही. दगड पाहायला गेलेला माणूस पाण्यात गेला, एवढंच. पण अठरा वर्षं परक्या मातीत घासली, हेही खोटं नाही.

आता प्रश्न असा. मिशनच्या शाळांत आपल्या कितीक पोरांच्या हाती पाटी आली. मग उपकार मानायचे का? सनातनी लगेच बोट दाखवतो, 'ते बाटवाले आले होते!' ज्यांच्या विहिरीवर आपल्या घागरीला मज्जाव, तेच दुसऱ्याच्या पाण्याचा हेतू तपासायला पुढं!

हेतू तपासायचाच तर आपण तपासू. नागपुरात शाळा उघडली त्याच १८४६ साली स्कॉटलंडात फ्रेडरिक डग्लस सभा गाजवत होता. गुलामीतून पळालेला हा काळा माणूस. फ्री चर्चनं अमेरिकेतल्या गुलाममालकांकडून सुमारे ३००० पौंड देणगी घेतली होती. डग्लस म्हणे, पैसा परत करा. चर्चनं केला नाही. म्हणजे इकडं माणसाला आत्मा आहे असं सांगणारं चर्च, तिकडं माणूस विकणाऱ्याचा पैसा ठेवून बसलं होतं.

आणि गोंडांचं पाहा. लिंगोची कथा हिस्लॉपनं परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. तो मेल्यावर टेंपलनं १८६६ साली पुस्तक काढलं. हिस्लॉपचं नाव कॉलेजला लागलं, एका खनिजालाही लागलं. गाणाऱ्या परधानाचं नाव कुठल्या पाटीवर आहे?

तरी मी हिस्लॉपला शिव्या देणार नाही. त्यानं लिहिलं नसतं तर ती कथा तशी आपल्या हाती आली नसती. देणाऱ्याचा हेतू देणाऱ्याच्या खात्यात. घेणाऱ्यानं त्याचं काय केलं, ते आपल्या खात्यात. माझा मुद्दा तिसराच आहे. दयेनं उघडलेलं दार कोणाच्या हाती असते?

उमरेडच्या जाईबाई चौधरी घ्या. जन्म १८९२. नागपूर-कामठी ओझी वाहणारी महार बाई. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईनं तिला शाळेत मास्तरीण केलं. ही माणुसकीच. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हटल्यावर सवर्णांनी आपली पोरं काढली, अन् जाईबाईची नोकरी गेली. दया इथवर पुरते. बड्या लोकांच्या कपाळावर आठी पडली की दयेचा हात मागं सरतो. दयेला तक्रार करता येत नाही ना! हक्काला येते.

जाईबाई रडत बसली नाही. तिनं नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. त्याआधी १९०७ साली मोहप्याच्या किसन फागुजी बनसोड्यांनी पाचपावलीत मुलींची शाळा काढलीच होती. दोघांनी अक्षर घेतलं, मान नाही वाकवली. उपकार फेडायचा तर असा फेडायचा, देणाऱ्याच्या पायाशी नाही, पुढच्या पोरीच्या पाटीवर.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच नागपुरात धम्म घेतला. कोणी मिशनरी दारात आला म्हणून नाही. येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षं सगळे धर्म पारखून घेतला.

म्हणून मित्रहो, नाल्यात बुडालेल्या त्या माणसाचं नाव आदरानं घ्या. माणसानं माणसाला द्यावा तेवढ्या आदरानं. हात जोडायचेच असतील तर त्यात पुस्तक धरा, अन् परधानाचं नाव शोधा.