आखाजीला सुट्टी कोणाची?

सणाचं प्लॅनिंग म्हटलं की यादी पदार्थांपासून सुरू होते. काय काय करायचं, किती माणसं, आंबे कुठून आणायचे, तोरण आंब्याच्या पानांचं की झेंडूचं, पंगत अंगणात की ओसरीवर. या यादीत एक प्रश्न कधीच नसतो: त्या दिवशी सगळ्यांबरोबर जेवायला कोण बसणार नाही? मला हा सणाबद्दलचा सगळ्यात गंभीर प्रश्न वाटतो आणि आखाजीच्या निमित्ताने तो विचारायलाच हवा.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरत्र या दिवशी लोक सोनं घेतात. जळगाव-धुळ्याकडे मात्र हा दिवाळीच्या तोडीचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, गौराई बसते, कडुनिंबाला झोके बांधले जातात. पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, आगारी टाकतात. ताटात खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, पापड, सांजोऱ्या. बाप्या माणसांचे पत्त्यांचे डाव बसतात. आणि शेतीत वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं साल याच दिवशी संपतं. नवा करार याच सुमारास ठरतो.

म्हणजे वर्षभर राबणाऱ्या दोघांना मोकळं करणारा हा सण आहे. सासुरवाशीण आणि सालदार. दोघंही दुसऱ्याच्या घरी राबतात, दोघांच्या कामाला ठरलेले तास नसतात आणि दोघांना या एका तिथीला कायदेशीर वाटावी अशी सुट्टी मिळते. आमच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची (1880–1951) आखाजीवर एक कविता आहे आणि तिच्यात जीव आहे तो निंबावरच्या झोक्यात. बहिणाबाईंचं सासर जळगावचं, असोद्यापासून काही किलोमीटरवर. त्या काळच्या सासुरवाशिणीला एवढ्याशा अंतरावरच्या माहेरी जायलाही सण लागायचा, कारण वाट अडवायचं ते अंतर नव्हे, काम. कविता लिहायला बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. दळता-रांधताना सुचलेल्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या म्हणून त्या उरल्या. काम करता करता गाणाऱ्या बाईला झोका एवढा मोठा का वाटला असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं गणित करू. आखाजीला प्रत्येक मुलगी माहेरी जाते. पण ती मुलगी कुणाच्या तरी घरची सूनही असते आणि माहेरी तिची भावजय असते, जी स्वतः कुणाची तरी मुलगी असते. सगळ्याच जणी एकाच दिवशी सुट्टीवर गेल्या तर प्रत्येक घरची चूल बंद पडेल. तसं होत नाही, याचा अर्थ प्रत्येक घरात एक जण सुट्टीवर जात नाही. ती कोण? बहुतेक घरांत ती असते घरातली मोठी बाई. जिचे आईवडील गेलेत, भाऊ आपापल्या संसारात आहेत, जिला आता बोलावणं येत नाही. जिचं माहेर संपलं तिच्या जिवावर बाकीच्यांचं माहेर चालतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'पण आईला आवडतं करायला.' हे उत्तर खोटं नाही. मांडे करणं ही कला आहे. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत पातळ करत न्यायचा आणि न फाडता तापल्या खापरावर टाकायचा. हे येणाऱ्या बाईला गावात मान असतो आणि तो तिने कमावलेला असतो. तिच्या हातून खापर काढून घेऊन 'तू आराम कर' म्हणणं हाही एक प्रकारचा अपमान होऊ शकतो.

पण आवड आहे की नाही, हे तपासायची एक साधी कसोटी आहे: नाही म्हणता येतं का? देणं तेव्हाच देणं असतं, जेव्हा न देण्याची मुभा असते. एखाद्या वर्षी आईने सकाळी सांगितलं, 'यंदा मांडे नाहीत, मी झोक्यावर बसणार आहे,' तर घर काय करेल? हसेल, की दुसरं कोणी उठेल? दुसरं कोणी उठणार असेल तर तिची आवड ही खरी आवड आहे. कोणीच उठणार नसेल, तर आवड असूनही ते काम सक्तीचंच आहे. सक्तीतही माणूस रमतो, एवढंच.

दुसरं उत्तर आमच्या पिढीचं: ऑर्डर करू. मांडे करून देणाऱ्या बाया आहेत, बचत गट आहेत. हे मला आधीपेक्षा बरं वाटतं. तिथे कामाला भाव असतो आणि ऑर्डर नाकारताही येते. पण एप्रिल-मेच्या उन्हात, जळगावचा पारा बेचाळीसच्या पुढे असताना, खापरासमोर कोणीतरी बसलेलंच असतं. आपण धग दुसऱ्या घरी पाठवली आणि पैसे दिले. पैसे देणं महत्त्वाचं आहेच, पण तिचीही आखाजी आहे, हे विसरायचं कारण नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर दिवाळीलाही चालू लागतात, म्हणून कोणीतरी ड्युटीवर असतंच. पण त्याचं वेळापत्रक लिहिलेलं असतं, पाळी फिरते, या दिवाळीला जो बसला तो पुढच्या दिवाळीला मोकळा असतो आणि बदली सुट्टी मिळते. घरात कोणी वाईट नसतं, फक्त वेळापत्रक लिहिलेलं नसतं. आणि जिथे पाळी लिहिलेली नसते तिथे ती दरवर्षी त्याच माणसाकडे जाते.

परंपरेला हे सुचलंच नव्हतं असं नाही. शेजारच्या गुजरातेत शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळं करून ठेवतात आणि सणाला थंडच खातात. ईस्टरचंही तसंच. जुन्या रिवाजात उपवासकाळात अंडी वर्ज्य, पण कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नाहीत. साठलेली अंडी उकडून रंगवायची, तीच खाणं आणि तीच टेबलाची सजावट. पोलंडमध्ये ईस्टरच्या आदल्या दिवशी अंडी, ब्रेड, मीठ, सॉसेज टोपलीत सजवून चर्चमध्ये नेतात आणि रविवारी सकाळी त्याच पदार्थांनी न्याहारी सुरू होते. आदल्या दिवशी राबणूक असतेच. पण निदान सणाच्या सकाळी अंडी सोलायला सगळेच टेबलाशी बसू शकतात.

आखाजीच्या ताटाकडे या नजरेने पाहिलं तर बरंच आधीच सुटलेलं दिसतं. कुरडया-पापड उन्हाळकामात होऊन गेलेले असतात, फक्त तळायचे. सांजोऱ्या चार दिवस आधी होतात. आमरसाला चूल लागत नाही. पत्त्यांचा एक डाव कमी खेळून तो कोणालाही काढता येतो. केळीची पानं तर जळगाव जिल्ह्याला विकत घ्यावी लागू नयेत. हिरव्या पानाभोवती रांगोळी काढली की पंगत सजते आणि नंतर घासायला ताटंही उरत नाहीत. चांगली सजावट मी तिलाच म्हणेन, जी कोणाच्या तरी वाट्याचं काम कमी करते.

उरतात मांडे. तिथे सोपं उत्तर नाही. पाळी लावली तर पहिली दोन-तीन वर्षं फाटके, जाड, करपलेले मांडे खावे लागतील, कारण खापरावर हात बसायला वेळ लागतो. कदाचित काही घरांतून ती चव जाईलही. मला ती चव प्रिय आहे आणि ती जाणं हे नुकसानच असेल. तरीही एकाच व्यक्तीच्या कायमच्या गैरहजेरीवर टिकणारी चव वाचवायची, की चार वर्षं फाटके मांडे खाऊन ती चार हातांत न्यायची, यातलं दुसरं मला जास्त न्याय्य वाटतं. कला टिकण्याच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचं आहे.

आपल्याकडे आखाजीला जे या जगात नाहीत त्यांचं पान आधी वाढतात, ते जेवल्याशिवाय घर जेवत नाही. गैरहजर माणसाची इतकी काळजी घेणाऱ्या सणाला स्वयंपाकघरातल्या हजर माणसाचं पान पहिल्या पंगतीत मांडणं जड जाऊ नये. येत्या आखाजीची यादी कराल तेव्हा पदार्थांच्या आधी पंगतीला बसणाऱ्यांची नावं लिहा. तिचं नाव त्यात येईपर्यंत पदार्थ कमी करत जा.